सुईचा पान्हा

मंचर, ओतूर, नारायणगाव भागात पहाटे गोठ्यात पहिलं पाऊल पडतं ते बहुधा घरच्या बाईचं. कुकडीचं, डिंभ्याचं पाणी आलं, ऊस आणि हिरवा चारा वाढला, तशी दावणीची जनावरंही वाढली. दुधाच्या पगारावर किराणा आणि मुलांची फी भागते. म्हणूनच म्हशीनं पान्हा चोरला की जीव वरखाली होतो. मग कुणीतरी सुचवतं, ‘‘एक इंजेक्शन मार की, लगेच सोडेल.’’

हे इंजेक्शन ऑक्सिटोसिनचं. परदेशात मांसाच्या जनावरांना वजन वाढावं म्हणून हार्मोन देतात. अशा मांसाची आयात युरोपने १९८९ मध्ये बंद केली. ऑक्सिटोसिनचं काम वेगळं. त्यानं दूध वाढत नाही, कासेतलं फक्त खाली उतरतं. बाळ अंगावर पितं तेव्हा आपल्या शरीरातही हेच तयार होतं. पारडानं ढुशी मारली की म्हशीचंही तसंच.

मग सुई लागते कधी? बऱ्याचदा पारडू दगावल्यावर. त्यातही रेडा असला तर त्याच्या वाट्याचं दूध आधीच डेअरीला गेलेलं असतं. गाईच्या गोऱ्ह्याचे हालही वेगळे नाहीत. शेतात ट्रॅक्टर आला आणि मार्च २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. नको असलेला गोऱ्हा मग अर्धपोटी राहतो.

‘असल्या दुधानं मुली लवकर वयात येतात’ असं आपण ऐकतो. त्याला ठोस पुरावा नाही. हे हार्मोन पोटात पचून जातं. खरा त्रास मुक्या जनावराला. रोज सुई टोचायची, मग सवय अशी लागते की सुईशिवाय पान्हाच नाही. जनावराला अपाय करून असं दूध काढणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

केंद्राने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना हे औषध देशात विकण्यासाठी बनवायला बंदी केली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात ती रद्द केली. कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. आपल्या जिवाचं औषध गोठ्यात चोरून वापरायचं का, हे आपणच ठरवायचं.

उपाय साधे आहेत. वासरू नर असो की मादी, जन्मल्यावर तासा-दोन तासांत त्याला पोटभर चीक पाजा. जंताचं औषध वेळेवर द्या. धारेच्या वेळी पुढ्यात आंबोण ठेवा, कोमट पाण्यानं कास धुवा, वेळ आणि हात शक्यतो बदलू नका. तरीही पान्हा आला नाही तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. वासरू जगलं तर सुईची वेळच सहसा येत नाही.