प्रवेशद्वारापर्यंतचे संकेतस्थळ

बोधगयेच्या महाबोधी मंदिराच्या परिसरात ७ जुलै २०१३ रोजी बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर तेथील सुरक्षाव्यवस्था कडक करण्यात आली आणि मोबाइल फोन आत नेण्यास मनाई झाली. वारसास्थळांची संकेतस्थळे आखणाऱ्या व्यावसायिकांनी या नियमाकडे केवळ सुरक्षेची बाब म्हणून पाहू नये, कारण गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात रूढ झालेली बहुतेक गृहीतके, म्हणजे वास्तूसमोर उभा राहून फोनवर माहिती वाचणारा पर्यटक, फलकावरील क्यूआर संकेत, कानात ऐकू येणारे ध्वनिमार्गदर्शन आणि जागेनुसार आपोआप उघडणारे नकाशे, ही सारी या एका नियमाने निकालात निघतात. अशा मंदिराचे संकेतस्थळ प्रवेशद्वारापाशी संपते, आणि म्हणूनच त्याचा आराखडा त्या द्वारापासून मागे मागे जात आखला पाहिजे.

या संकेतस्थळाचा वाचक त्याच्याकडे निरनिराळ्या ठिकाणांहून येतो. कोलंबो, बँकॉक, टोकियो किंवा नागपूर येथील घरी, प्रवासाच्या कित्येक महिने आधी, त्याला ऋतू, तिथी, विमान आणि रेल्वे यांची माहिती हवी असते. गयेच्या किंवा बोधगयेच्या मुक्कामी, आदल्या रात्री, त्याला दरवाजे उघडण्याची वेळ आणि आत काय नेता येते हे पाहावयाचे असते. आणि शेवटी फोन जमा करण्याच्या रांगेत त्याच्यापाशी जेमतेम काही मिनिटे उरलेली असतात. प्रचलित आराखड्यांत पहिल्या वाचकाची सरबराई मनापासून होते, मोठमोठी छायाचित्रे आणि सावकाश सरकणारी चित्रमालिका त्याच्यासाठीच असते. तिसऱ्या वाचकाची दखल सहसा घेतली जात नाही. वास्तविक त्याच्यासाठी क्षीण जोडणीवरही चटकन उघडणारे, एकही छायाचित्र नसलेले पान आणि कागदाच्या एका बाजूवर मावेल असा, घडी घालून खिशात ठेवता येणारा छापील नकाशा या दोनच वस्तू पुरेशा आहेत, आणि संपूर्ण प्रकल्पात त्यांच्याइतके उपयुक्त दुसरे काही क्वचितच निघेल.

त्या नकाशावर काय असावे, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. बोधिप्राप्तीनंतर बुद्धांनी सात आठवडे या परिसरात घालविले अशी परंपरा आहे आणि त्या सातही आठवड्यांची स्थाने मंदिराच्या आवारात दाखविली जातात. पहिला आठवडा मंदिराच्या पश्चिमेस असलेल्या बोधिवृक्षाखाली, जेथे वज्रासन, म्हणजे बुद्धांच्या आसनस्थानी बसविलेली प्राचीन शिला आहे. दुसरा मध्यवर्ती वाटेच्या उत्तरेस उंचवट्यावर असलेल्या अनिमेषलोचन चैत्यापाशी, जेथून बुद्धांनी वृक्षाकडे निर्निमेष पाहिले असे मानतात. तिसरा मंदिराच्या उत्तर भिंतीलगतच्या रत्नचंक्रमावर, म्हणजे त्यांच्या येरझाऱ्यांच्या चौथऱ्यावर. चौथा ईशान्येकडील रत्नघरात. पाचवा अजपाल न्यग्रोधाखाली, म्हणजे वडाखाली. सहावा दक्षिणेकडील सरोवरापाशी, जेथे मुचलिंद नागाने त्यांच्यावर फणा धरल्याची कथा सांगतात. आणि सातवा आग्नेयेस राजायतन वृक्षाखाली. हा क्रम कथेचा आहे, चालण्याचा नव्हे. पूर्वेच्या पायऱ्या उतरून येणाऱ्यास सर्वांत आधी लागतो तो अजपाल वटाची जागा दाखविणारा स्तंभ, म्हणजे पाचवा आठवडा. पहिल्या आठवड्याचे स्थान मंदिराच्या थेट मागे आहे. संकेतस्थळावर एक ते सात असे आकडे घालून सुबक मालिका मांडली, तर ती प्रमाण मानून निघालेला यात्रेकरू गर्दीतून उलटसुलट फिरत राहतो, आणि विचारून खात्री करून घेण्यासाठी हाताशी फोनही नसतो. म्हणून नकाशावर वाटेचा क्रम ठळक असावा, आठवड्याचा आकडा त्याच्या शेजारी लहान अक्षरात असावा आणि प्रदक्षिणेची दिशा, जी उजवा हात मंदिराकडे ठेवून चालण्याची आहे, बाणाने दाखविलेली असावी.

याच ठिकाणी मजकूर लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचीही कसोटी लागते. विनयपिटकातील महावग्गात बोधिवृक्ष, अजपाल, मुचलिंद आणि राजायतन या चारच स्थानांचा क्रम येतो; सात आठवड्यांची पूर्ण मांडणी जातककथांच्या प्रस्तावनेत, म्हणजे निदानकथेत, आढळते आणि ती त्यामानाने उत्तरकालीन आहे. ही गोष्ट सांगितल्याने श्रद्धेला बाध येतो असे समजण्याचे कारण नाही, कारण परंपरा कशी विस्तारत गेली हे जाणून घेण्याची उत्सुकता भाविकांनाही असते आणि तसा एक परिच्छेद सविस्तर माहितीच्या पानावर सहज सामावतो. वास्तूबाबतही हेच लागू पडते. अशोकाने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात येथे पहिले मंदिर उभारले असे मानले जाते. आजचे सुमारे ५० मीटर उंचीचे विटांचे मंदिर पाचव्या-सहाव्या शतकातले. आणि आज जे दिसते त्यात १८८० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम आणि जे. डी. बेगलर यांच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धाराचा वाटा मोठा आहे. जुना बोधिवृक्ष १८७६ मध्ये कोसळला आणि सध्याचा त्याच्या वंशातला आहे. ‘अडीच हजार वर्षांचा वृक्ष’ असा ठोक मजकूर पर्यटनाच्या जाहिरातीत खपून जातो, मंदिराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो असू नये.

भाषांच्या प्रश्नावर योजनेतील बराच वेळ खर्ची पडणे क्रमप्राप्त आहे. थाई लिपीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, त्यामुळे ओळ कोठे तोडावयाची हे ब्राउझरला शब्दकोशाच्या आधारे ठरवावे लागते आणि अरुंद पडद्यावर शीर्षके भलत्याच ठिकाणी तुटण्याचा संभव असतो. म्यानमारने २०१९ मध्ये अधिकृतपणे युनिकोड स्वीकारले, तरी त्यापूर्वीचा पुष्कळसा बर्मी मजकूर झॉजी या वेगळ्या पद्धतीने टंकलेला आहे. एखाद्या विहाराकडून आलेला जुना मजकूर तसाच चिकटविला तर पानावर निरर्थक चिन्हे उमटतात. तिबेटी लेखनात अक्षरगटांमध्ये त्सेग नावाचा ठिपका येतो आणि ओळ त्यापाशीच तुटावी लागते. मराठीची अडचण तांत्रिक नाही, ती गृहीत धरण्याची आहे. १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्धांसाठी बोधगया हे मोठे यात्रास्थान बनले, आणि तरीही देवनागरी वाचता येते म्हणजे हिंदीवर भागते, असे सर्रास ठरवून टाकले जाते. ज्या समाजाच्या घराघरांत पाली त्रिशरण आणि पंचशील मराठी उच्चारांनिशी म्हटले जाते, त्याच्यासाठी निदान आचारनियम आणि नकाशा तरी मराठीत असणे ही किमान अपेक्षा आहे.

दिनदर्शिका हे या संकेतस्थळाचे सर्वाधिक वाचले जाणारे पान ठरेल, असे मानण्यास जागा आहे, कारण एकाच घटनेच्या तिथीबद्दल बौद्ध परंपरांत एकवाक्यता नाही. थेरवादी परंपरा बुद्धांचा जन्म, बोधिप्राप्ती आणि महापरिनिर्वाण ही तिन्ही वैशाख पौर्णिमेस मानते, जपानमध्ये बोधिप्राप्तीचा दिवस ८ डिसेंबरला पाळतात, तर तिबेटी पंचांगातील चौथ्या महिन्याची पौर्णिमा अधिकमासामुळे काही वर्षी भारतीय तिथीपासून दूर सरकते. त्यातच हिवाळ्यात तिबेटी मोन्लाम प्रार्थना आणि थेरवादी देशांचे त्रिपिटक-पठण यांसाठी मोठे समुदाय एकत्र येतात, आणि भाद्रपदातील पितृपक्षात गयेस आलेले हिंदू यात्रेकरू पिंडदानासाठी बोधगयेतही येतात. या सर्व तिथी एकाच पानावर, इसवी तारखेसह आणि त्या दिवशी बोधिवृक्षाजवळ निवांत बसता येण्याची कितपत शक्यता आहे या स्पष्ट सूचनेसह द्याव्यात. वैशाख पौर्णिमेच्या नोंदीत उन्हाचाही उल्लेख हवा. गयेच्या उन्हात तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी चालणे वृद्धांना झेपत नाही आणि मोजे चालतात की नाही, इतकी साधी माहिती त्यांना कोठेही मिळत नाही. मंदिर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बरेच खाली असल्याने पायऱ्या किती आणि चाकाच्या खुर्चीची वाट कोणती, हेही चित्रातून न सांगता शब्दांत लिहावे, म्हणजे दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरला ते वाचता येईल.

मंदिराच्या व्यवस्थापनाविषयी मौन पाळण्याकडे आराखडाकारांचा कल असतो, तो चुकीचा आहे. शैव महंतांचा ताबा, अनागारिक धर्मपाल यांनी १८९१ मध्ये स्थापिलेली महाबोधी सोसायटी, १९४९ चा बोधगया मंदिर कायदा, त्यानुसार चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य व पदसिद्ध अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी अशी रचना, अध्यक्ष हिंदूच असावा ही अट काढणारी २०१३ ची दुरुस्ती, आणि मंदिर पूर्णतः बौद्धांकडे सोपवावे यासाठी नागपूरचे भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांनी १९९२ पासून चालविलेले आंदोलन, हा सारा सार्वजनिक इतिहास आहे. तो वर्षांसह, विशेषणांविना दिला, तर आंदोलनाच्या बातम्या वाचून आलेल्या यात्रेकरूला भलत्या ठिकाणी उत्तरे शोधावी लागणार नाहीत. दानाच्या पानाबाबत मात्र आधी कायदेतज्ज्ञ आणि मग संगणकतज्ज्ञ असा क्रम ठेवावा. २०१० च्या विदेशी अंशदान विनियमन कायद्याखाली नोंदणी आणि २०२० च्या दुरुस्तीनुसार स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खाते यांशिवाय परदेशी देणगी स्वीकारण्याचे बटण लावणे धोक्याचे आहे.

राहता राहिला देखभालीचा प्रश्न, ज्यावर निविदांमध्ये जेमतेम एक ओळ असते. वेळा, शुल्क, कॅमेऱ्याचे नियम आणि सुरक्षेच्या अटी या बदलणाऱ्या गोष्टी असल्याने अशा प्रत्येक वाक्याखाली ते शेवटचे तपासल्याची तारीख दिसावी, ते बदलण्याचा अधिकार मंदिराच्या कार्यालयातील नेमून दिलेल्या कर्मचाऱ्याकडे असावा, आणि मुख्य भाषेत बदल होताच इतर भाषांतील तेच वाक्य दुरुस्त होईपर्यंत आपोआप झाकले जावे. ही तरतूद करारातच लिहून घ्यावी, कारण संकेतस्थळ एकदा सुपूर्द झाल्यावर तिच्यासाठी वेगळी रक्कम मंजूर होणे कठीण असते.