शाळेच्या परसबागेला सावली हवी!



श्रावणात हिरवीगार असलेली शाळेची परसबाग मार्चमध्ये बघा, नुसती ढेकळं! 'उन्हाळ्यात पालेभाजी येत नाही,' असं आपण मुलांना सहज सांगून टाकतो. माझ्या मते हे चुकीचं आहे. भाजी येते, फक्त तिला सावली करून द्यावी लागते.

कोथिंबीर, पालक, मेथी ही थंडी मानवणारी पिकं. ऊन तापलं की पानं कोमेजतात, वाढ खुंटते आणि कोथिंबीर लवकर फुलावर येते. उन्हाळ्यात कोथिंबिरीची जुडी महाग का होते, ते यावरून कळतं.

उपाय सोपा आहे. थोडे बांबू, सुतळी आणि ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी. १० फूट लांब, १० फूट रुंद, ७ फूट उंच मांडव पुरे. जाळी फार दाट नको. गर्द सावलीत रोपं लुकडी, लांबट होतात. पश्चिमेला जाळी खाली सोडा, म्हणजे दुपारनंतरचं तिरपं ऊन अडेल. बाकी बाजू मोकळ्या ठेवा, वारा खेळता राहू द्या. जाळी नाही मिळाली तर नारळाच्या झावळ्या विरळ पसरा.

"अभ्यास सोडून पोरांना माती का उकरायला लावता?" असं काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण एक वाफा मांडवाखाली, दुसरा उघड्यावर. बी तेच, पाणी तेवढंच. रोज दुपारी दोन्हीकडच्या मातीचं तापमान मोजायचं, रोपांची उंची वहीत लिहायची. जाळी किती लागेल याचं क्षेत्रफळही मुलांनीच काढायचं. हा अभ्यास नाही तर काय?

मे महिन्यात पाणी कोण घालणार, ही अडचण खरी आहे. म्हणून फेब्रुवारीतच पेरा. मेथी साधारण महिन्याभरात काढणीला येते, म्हणजे सुट्टीआधी दोन वेळा हाती लागेल. ती पोषण आहाराच्या आमटीत पडू द्या. पावसाळ्यात मात्र जाळी गुंडाळून ठेवा, ढगाळ दिवसांत आधीच उजेड कमी असतो.

ताटातली भाजी बाजूला सारणारं मूल स्वतः पेरलेली मेथी मात्र मागून घेतं, हे मी पाहिलंय. मग यंदा ऊन तापायच्या आत तुमच्या शाळेत मांडव उभा राहील ना?