जबडा उघडण्याआधी

जबड्याच्या हाडातला संसर्ग साध्या एक्स-रेवर उशिरा उमटतो. हाडातला तीस ते पन्नास टक्के खनिजांश गेल्याशिवाय फिल्मवर फारसं काही दिसत नाही, हे दंतवैद्यकाला ठाऊक आहे. तेव्हा ‘फोटोत काहीच नाही’ एवढंच ऐकून, ठणकता जबडा घेऊन दापोलीहून मुरुडला परतणाऱ्या माणसाचा एक्स-रेवरचा विश्वास उडाला, तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. चूक होते ती पुढे. या अविश्वासावरच थर्मोग्राफीसारख्या ‘पर्यायी’ तपासण्या जगभर दुकान मांडून बसल्या आहेत. थर्मोग्राफी गालाच्या त्वचेची उष्णता मोजते, आणि गाल तापायला दुपारच्या उन्हात किनाऱ्यावरून चालणंही पुरतं. अल्ट्रासाउंड गळवासाठी उत्तम. पण हाडाच्या टणक कवचावरून त्याच्या लहरी बहुतांशी परत फिरतात. थर्मोग्राफीच्या लाल-निळ्या चित्रावर विसंबून हाड कोरायचं, म्हणजे विहिरीची जागा रंग बघून ठरवायची.

2021च्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात काळ्या बुरशीने अनेकांचा वरचा जबडा गेला. साखर वाढलेली, त्यात स्टेरॉइड. किती हाड काढायचं हे तेव्हा सीटी आणि एमआरआयने ठरवलं, आणि बुरशी आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या तुकड्याने. एक्स-रेला खरा पर्याय या तपासण्यांचाच. दातांसाठीचा सीबीसीटी (कोन-बीम सीटी) हाडाचे त्रिमितीय काप दाखवतो. अस्थिमज्जेतला अगदी सुरुवातीचा बदल मात्र त्याच्याही नजरेतून सुटतो, तिथे एमआरआय हवा.

किरणांची भीती काही जण पुढे करतात. सीबीसीटीची मात्रा ओपीजीपेक्षा, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या साध्या एक्स-रेपेक्षा, जास्त, पण नेहमीच्या सीटीपेक्षा बहुधा कमी असते. निरोगी हाड कापलं जाण्यापुढे ती जोखीम किरकोळ. अंतराचा आक्षेप जास्त खरा आहे. मुरुडहून खेडचं दंत महाविद्यालय किंवा डेरवणचं रुग्णालय गाठायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. त्याचा दोष रुग्णाचा नाही, जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेचा आहे. पण गाल सुजून ताप आला असेल, तोंड उघडेना किंवा गिळवेना, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. एरवी शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी साखर तपासा, आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून औषध घेतलं असेल, तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. त्या औषधांमुळे क्वचित जबड्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही.