रिफॉर्मर घेताना आधी स्प्रिंगचं विचारा

पुण्या-मुंबईत रिफॉर्मर स्टुडिओ काढायला निघालेली तरुण मंडळी सल्ला विचारायला येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. एक मशीन केवढ्याला पडतं? आपल्या जागेत किती बसतील? प्रश्न व्यवहाराचेच आहेत, पण त्यांचा नंबर नंतरचा. आधी विचारायचं ते हे: या मशीनच्या स्प्रिंगा बदलायची वेळ आली की त्या कुठून येतील, किती दिवसांत येतील, आणि बसवून तपासणार कोण?

रिफॉर्मर म्हणजे पिलाटेस व्यायामाचं मशीन: रुळांवर सरकणारं गादीचं कॅरेज स्प्रिंगांच्या ताणाविरुद्ध ढकलायचं. त्याचा सगळा जीव स्प्रिंगमध्ये आहे. जिममधली वीस किलोची प्लेट दहा वर्षांनीही वीस किलोच भरते. स्प्रिंग मात्र प्रत्येक ताणाबरोबर थोडी थोडी थकत जाते आणि वरून तशीच चकचकीत दिसते. एखादी बाई कॅरेजवर उभी राहून पाय लांब सरकवत असताना स्प्रिंग तुटली, तर कॅरेज पायाखालून निसटतं. हातात धरायला काही नसतं. म्हणून कॅलिफोर्नियातली बॅलन्स्ड बॉडी कंपनी आपल्या स्प्रिंगा दोन वर्षांनी किंवा 5,000 तासांच्या वापरानंतर, जे आधी होईल तेव्हा, बदलायला सांगते. वर्षाचे 300 दिवस, रोज आठ तास वर्ग धरले तर दोन वर्षांत 4,800 तास भरतात. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत बॅचेस लावणाऱ्यांनी दोन वर्षांची वाट पाहूच नये.

मशीन बघायला जाल तेव्हा गादीचा रंग आणि लाकडाचं पॉलिश जरा बाजूला ठेवा, खाली वाका आणि स्प्रिंगा बघा. स्प्रिंग सैल असताना तिची वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली हवीत. मध्ये कुठे फट दिसली, एखादं वेटोळं मुरडलेलं दिसलं, तर ती स्प्रिंग संपली. मग टोकाचा आकडा बघा. तो जिथे अडकतो तिथे आतल्या बाजूने धातू झिजतो, आणि ती झीज बोटाला लागते. गंजाचा ठिपका कितीही लहान असो, तो चालवून घेऊ नका. दादर-वांद्र्याच्या खाऱ्या हवेत किंवा पणजीत स्टुडिओ असेल तर ही तपासणी दर आठवड्याला व्हायला हवी, आणि कोणी केली त्याची सही वहीत हवी. तेवढ्यातच रूळही पुसून घ्यावेत. चाकांत केस आणि धूळ अडकली की कॅरेज अडखळतं आणि लोकांना वाटतं मशीन जुनं झालं.

मशीनवरच्या ‘पिलाटेस’ या नुसत्या नावावर विसंबून इथे भागत नाही. ही व्यायामपद्धत घडवणारे जोसेफ पिलाटेस जर्मनीत 1883 साली जन्मले, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या नजरकैदेत आइल ऑफ मॅनच्या छावणीत राहिले, आणि 1920च्या दशकात न्यूयॉर्कला जाऊन एट्थ अव्हेन्यूवर त्यांनी आपली व्यायामशाळा थाटली. ते 1967 साली वारले. पुढे त्यांच्या नावाच्या ट्रेडमार्कवरून खटला झाला आणि 2000 साली मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टाने निकाल दिला की ‘पिलाटेस’ हे व्यायामपद्धतीचं सर्वसाधारण नाव आहे, ते एकाच्या मालकीचं नाही. निकाल योग्यच होता. त्यामुळे शिकवणाऱ्यांना मोकळा श्वास मिळाला. पण त्याचा अर्थ असाही झाला की यंत्रावर ते नाव आहे एवढ्याने त्याच्या दर्जाची हमी मिळत नाही. ती खरेदी करणाऱ्यालाच बघून घ्यावी लागते.

घरगुती घडीचं रिफॉर्मर स्टुडिओत आणू नका. दिवसाला एका माणसासाठी बनवलेली ती चौकट आहे, आणि व्यावसायिक वापर दिसला की बहुतेक कंपन्या वॉरंटीतून हात काढून घेतात. लाकूड की ॲल्युमिनियम या वादात मी फारसा पडत नाही. दोन्हींत उत्तम मशीनं बनतात. दमट हवेत ॲल्युमिनियमची देखभाल सोपी, एवढंच.

उंचीकडे मात्र नीट लक्ष द्या. आपल्याकडे एकाच बॅचमध्ये पाच फुटांच्या काकू आणि सहा फुटांचा आयटीवाला मुलगा शेजारी शेजारी असतात. पाय टेकवायचा फूटबार आणि कॅरेजची सुरुवातीची जागा अवजाराशिवाय, काही सेकंदांत बदलता आली पाहिजे. नाहीतर शिक्षिका घाईत ती बदलतच नाही, आणि काकूंचे गुडघे तासभर चुकीच्या कोनात वाकतात. गुडघेदुखीचे लोक येणार असतील तर जमिनीलगतचं बुटकं मशीन नको. त्यावरून उठतानाच त्यांची अर्धी ताकद जाते.

आणखी एक. स्वस्तात मिळतात म्हणून चार मशीनं एका कंपनीची आणि चार दुसरीची, असं करू नका. स्प्रिंगच्या रंगांची खूण कंपनीगणिक बदलते. शिक्षिका सगळ्यांना मिळून ‘एक लाल, एक निळी’ सांगते, आणि निम्म्या वर्गाला वेगळाच ताण बसतो. कंबरेच्या दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या माणसाला तेवढा फरक पुरे होतो.

माझं म्हणणं असं, की कोटेशन मागतानाच स्प्रिंगांचा एक पूर्ण जादा संच, दोऱ्या, चाकं आणि पुढच्या पाच वर्षांचा सुट्या भागांचा दर कागदावर घ्यावा. हे लिहून द्यायला जो विक्रेता का-कू करतो, त्याचं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये. एक मशीन साधारण आठ फूट लांब असतं आणि दोन मशीनांच्या मध्ये हात-पाय बाजूला पसरता येतील एवढी जागा लागते. आठ कोंबण्यापेक्षा सहाच मांडा आणि उरलेल्या दोन मशीनांच्या पैशांतून शिकवणाऱ्यांना नीट प्रशिक्षण द्या. त्या प्रशिक्षणात स्प्रिंग कशी तपासायची, हेही आलंच पाहिजे.