वाऱ्याची वही

विमानाची हलकी प्रतिकृति उडवूं पाहणाऱ्या मुलांनीं केवळ हवामान खात्याच्या अंदाजावर विसंबूं नये, असें आमचें मत आहे. तो अनेकदां जिल्ह्यासारख्या विस्तृत प्रदेशासाठीं असतो, आणि वारा उघड्या जागीं १० मीटर उंचीवर मोजण्याचा प्रघात आहे. पोहरादेवींत घरांआड, झाडांजवळ तो निराळा वाहतो. ब्यूफर्ट यांनीं १८०५ सालीं योजिलेल्या व पुढें जमिनीस लागू केलेल्या श्रेणीनुसार, पानें सारखीं हलून हलका ध्वज पसरला, म्हणजे वेग ताशीं १२ ते १९ किलोमीटर समजावा. अशा वाऱ्यांत, आणि रामनवमीच्या यात्रेंतील गर्दीवर तर केव्हांही, विमान उडवूं नये. अंदाज व प्रत्यक्ष वारा रोज वहींत शेजारीं शेजारीं लिहावा. कोणता अंदाज विश्वसनीय, तें त्यावरून कळेल. पालकांनीं नव्या विमानाआधीं मुलांस ही वही द्यावी.