चार-दहाचं खूळ

मंडळी, गेले तीन आठवडे आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद चालू आहे, आणि निम्म्या लोकांना तो कशाबद्दल आहे हेच कळलेलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो : जी गाडी रोज हायवेवर चालवायची आहे आणि जिला ओव्हरड्राइव्ह नाही, तिच्या मागच्या अ‍ॅक्सलला 4.10 चा गिअर बसवणं म्हणजे निव्वळ खूळ आहे.

प्रकरण असं. आमचा भाचा डेट्रॉइटजवळ राहतो. त्याच्याकडे 1970 सालची शेव्हरले शेव्हेल आहे. 350 घनइंची व्ही-8 इंजिन, ‘टर्बो 350’ नावाचा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि मागे 3.08 चा अ‍ॅक्सल. गाडी हौसेची खरी, पण उन्हाळाभर तो तीच घेऊन कामावर जातो. जाताना 38 मैल, येताना 38, जवळजवळ सगळा हायवे. आता मित्रांनी त्याच्या डोक्यात भरवलंय की 3.08 हा म्हाताऱ्यांचा गिअर आहे आणि 4.10 शिवाय गाडीत मजा नाही. मी जन्मात मोटार चालवलेली नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्रैराशिक पुष्कळ वर्षं शिकवलंय, आणि हा प्रश्न त्रैराशिकाचाच आहे.

आधी हा आकडा काय ते पाहू. इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, तो क्राउन. क्राउनला 41 दाते आणि पिनियनला 10, तर 41 भागिले 10 म्हणजे 4.10. क्राउनला 40 आणि पिनियनला 13, तर 3.08. म्हणजे गाडीचं चाक एकदा फिरायला शाफ्टला अनुक्रमे 4.10 किंवा 3.08 फेरे घालावे लागतात. (आकडे असे तिरपागडे का? 41 आणि 10 या सहमूळ संख्या आहेत. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला पाळीपाळीने भेटतो आणि झीज सारखी होते. मसावि-लसावि काय कामाचे, असं विचारणाऱ्या नातवंडांना हे दाखवा :) )

आता 4.10 वाल्यांचा मुद्दा. तो खोटा नाही. 3.08 च्या जागी 4.10 बसवला की त्याच गिअरमध्ये चाकाला मिळणारा पीळ 33 टक्क्यांनी वाढतो. सिग्नल सुटल्यावर गाडी उसळी घेते, आणि ती उसळी पाठीला जाणवते. पण इंजिनाची ताकद मात्र एका घोड्यानेही वाढत नाही. पहार लांब घेतली की धोंडा सहज हलतो, पण हात तेवढा जास्त फिरवावा लागतो. तसंच हे. जोर घेतला, फेऱ्यांनी फेडला. सिग्नलवर घेतलेलं हे कर्ज हायवेवर फेडावं लागतं, आणि तेही रोज.

किती, ते मांडून बघू. भाच्याच्या टायरचा व्यास 26 इंच. एका मैलात चाकाचे सुमारे 776 फेरे होतात. ताशी 65 मैलांना मिनिटाला 840. टर्बो 350 चा तिसरा गिअर सरळ एकास एक, तेव्हा इंजिनाचे फेरे काढायला 840 ला अ‍ॅक्सलच्या आकड्याने गुणायचं :

3.08 – मिनिटाला 2587
3.55 – मिनिटाला 2982
3.73 – मिनिटाला 3133
4.10 – मिनिटाला 3444

वर टॉर्क कन्व्हर्टरची घसर वेगळी, कारण त्या काळच्या या गिअरबॉक्समध्ये तो लॉक होत नाही. आणि हे झालं 65 ला. 70 ने गेलं तर 4.10 वर 3700 च्या पुढे. एका तासात 3.08 पेक्षा एक्कावन्न हजार फेरे जास्त, आणि गाडी पोचणार तितक्याच वेळात! आवाज, पेट्रोल, उष्णता, झीज, सगळं त्या एक्कावन्न हजारांच्या खात्यावर.

मग हे 4.10 चं कौतुक आलं कुठून? ते त्याच गावातून आलंय. 1960 च्या दशकात डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर पोरं (आणि म्हणे मोटार कंपन्यांचे इंजिनिअरसुद्धा) एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावत. ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैल, म्हणजे 402 मीटर. पेट्रोल गॅलनला तीस-पस्तीस सेंट. अशा शर्यतीला मोठा आकडा अगदी बरोबर होता, कारण शर्यत पाव मैलात संपत होती. भाच्याची 38 मैलांनी संपते. त्याच वुडवर्डवर 1995 पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा ड्रीम क्रूझ भरतो. तिथे गाड्या बैलगाडीच्या चालीने सरकतात, आणि तिथले बघे काही वाकून अ‍ॅक्सलचे दाते मोजत नाहीत.

माझा खरा राग 4.10 वर नाहीच. राग आहे तो दुसऱ्याच्या वहीतलं उत्तर उतरवण्यावर. ज्या मित्राने 4.10 ची शिफारस केली, त्याच्या गाडीचे टायर 28 इंची आहेत. तेवढ्यानेच त्याचा 4.10 भाच्याच्या टायरवरच्या 3.81 इतका होतो. शिवाय त्याच्या गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह आहे. त्याचं उत्तर त्याच्या गणिताचं आहे. तुझं गणित वेगळं आहे, बाबा!

आणि सगळ्यात मोठी गंमत पुढेच आहे. सुटतानाचा जोर एकट्या अ‍ॅक्सलवर ठरत नाही, पहिला गिअर आणि अ‍ॅक्सल यांच्या गुणाकारावर ठरतो. टर्बो 350 चा पहिला गिअर 2.52. त्याला 4.10 ने गुणलं की 10.33. आता त्याच कंपनीचा 1982 साली आलेला चार गिअरांचा 700-आर-4 घ्या. त्याचा पहिला गिअर 3.06 आणि चौथा, ओव्हरड्राइव्हचा, 0.70. मागे फक्त 3.42 ठेवला तरी 3.06 गुणिले 3.42 म्हणजे 10.47. सुटतानाचा गुणाकार 4.10 वाल्यापेक्षा किंचित जास्तच! आणि 65 मैलांना चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे किती? 2011. म्हणजे आज 3.08 वर आहेत त्याहूनही कमी. शिवाय यात कन्व्हर्टर लॉक होतो.

कोणी म्हणेल, गिअरबॉक्स बदलणं महाग आणि कटकटीचं. आहेच. क्रॉसमेंबर सरकवावा लागतो, आणि थ्रॉटलची टीव्ही केबल नीट जुळवली नाही तर आतले क्लच जळतात. पण अ‍ॅक्सलचं काम तरी कुठे सोपं आहे? क्राउन आणि पिनियनमधली फट इंचाच्या हजारांश भागात मोजून, शिम घालून बसवावी लागते. चुकलं की मागून अखंड घोंघाट. कित्येक अ‍ॅक्सलमध्ये आकडा बराच वाढवला तर आतला कॅरिअरही बदलावा लागतो. स्पीडोमीटरचा दातेरी गिअर बदलायचा राहिला तर गाडी 60 ने जाते आणि काटा 80 दाखवतो. आणि रस्त्याच्या साध्या टायरना पकडच नसेल, तर पहिल्या गिअरमधला तो जादा जोर रबर जाळण्यात जातो.

तेव्हा भाच्याला (आणि त्याच्या मित्रांनाही, भाषांतर त्याने करावं) माझं सांगणं एवढंच. गिअरबॉक्स हाच ठेवणार असशील तर 3.55 च्या वर जाऊ नकोस. पीळ 15 टक्क्यांनी वाढेल आणि 65 ला तीन हजारांच्या आत राहशील. पैसे साठवून ओव्हरड्राइव्ह घालणार असशील तर थांब, आत्ता अ‍ॅक्सलला हात लावू नकोस. तो घातल्यावर 3.42 किंवा 3.73 खुशाल बसव, माझा विरोध नाही. आणि गाडी फक्त शर्यतीलाच न्यायची असेल तर 4.10 काय, त्याहून मोठा आकडा बसव.

पण आधी कागद घे. टायरचा व्यास, पहिला गिअर, शेवटचा गिअर, रोजचा वेग. चार आकडे लिही, गुणाकार कर, आणि मगच मेकॅनिकला फोन लाव.