हंडीचं वय किती?

बालमित्रांनो, जुन्या वाड्यात गेलात की छताकडे बघा. तिथे टांगलेल्या काचेच्या हंडीचं वय ओळखता येतं बरं का! ज्योतीची धग नि धूर वर जातात, म्हणून तेलाच्या किंवा मेणबत्तीच्या हंडीचं तोंड वर उघडं असतं. विजेचा बल्ब मात्र उलटा टांगला तरी चालतो. एडिसनने बल्ब पेटवून दाखवला १८७९ साली. तेव्हा खाली तोंड केलेला बल्बचा दिवा त्यानंतरचाच.

पण वायर दिसली म्हणून फसू नका! जुन्या हंडीत ती मागाहूनही घालतात. आमच्या आजीची हंडी आम्ही वायर बघून ‘नवी’ ठरवली नि भंगारात दिली. आत मेणबत्तीची वाटी होती, हे नंतर आठवलं. तुम्ही आधी नीट निरखा. हात लावायचं काम मात्र मोठ्यांचं, तेही मेन स्विच बंद करून!